राहूचं शून्य

यिन नूच्या समोर ‘असंख्य’ हा शब्द वापरायची सोय नव्हती. चहाच्या दुकानात कुणी आपलं सहज बोलून जावं, "असंख्य माश्या झाल्यात बुवा इथं," की ही पलीकडच्या बाकावरून मान वळवायची. "मोजल्यास? एकावर एकशे चाळीस शून्यं, एवढ्या भरल्या का तुझ्या माश्या? नाही ना? मग पुष्कळ म्हण. असंख्येय हा आकडा आहे. त्याला उगीच माश्यांच्या दावणीला बांधू नकोस."

माणूस गप्प व्हायचा. आमच्या पाथरवटांच्या गल्लीत तिच्यापुढे सगळेच गप्प होत, कारण तिचं बरोबर असे आणि ते तिला माहीत असे. बरोबर असणारी माणसं मंडालेत कमी नाहीत, पण त्यातली निम्मी आधी चारदा "मला काय कळतंय" म्हणतात आणि मग बोलतात. यिन नू असलं काही म्हणत नसे. तिला कळत होतं, मग कळत नाही असं का म्हणायचं?

मी सान थे. दगडावर गेरूचं सूत मारायचं आणि अक्षरं आखून द्यायची, हा माझा धंदा. मी आखायचो, सया फो थिन कोरायचे आणि यिन नू घोटायची. फो थिन आमचे गुरू, कारखाना त्यांचा, म्हणून आम्ही सगळे त्यांना सया म्हणत असू. साजिनच्या डोंगराचा पांढरा दगड गाडीतून उतरला की तो आमच्या तिघांच्या हातांखालून जायचा आणि कुठल्यातरी मठाच्या भिंतीला लागायचा. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली.

यिन नू बुधवारी दुपार ढळल्यावर जन्मली. एवढं सांगितलं की आमच्याकडे पुढचं सांगावं लागत नाही. बुधवारची सकाळ बुधाची, पण दुपारनंतर राहू लागतो. आठवडा सातच वारांचा. तरी पगोड्याच्या चौथऱ्यावर पूजेचे कोपरे आठ असतात, कारण राहूलाही आपला कोपरा लागतो. प्रत्येक कोपऱ्याला त्याचा प्राणी. माझा मंगळवार, म्हणजे सिंह. सयांचा गुरुवार, म्हणजे उंदीर. बुधवारच्या सकाळवाल्यांना सुळ्यांचा हत्ती मिळतो, आणि राहूवाल्यांना बिनसुळ्यांचा. राहूवाली माणसं तापट, हट्टी आणि जिथं जातील तिथं ग्रहण लावणारी, असा समज आहे. शिवाय नाव वारावरूनच ठेवतात, त्यामुळे लपवायची सोय नाही. ‘य’वरून नाव ऐकलं की समोरचा मनातल्या मनात एक पाऊल मागं सरतो.

तिची सोयरीक एकदा जमत आली होती. मुलाच्या आईनं नाव विचारलं, चहा अर्धा ठेवला आणि गेली ती गेलीच. हे यिन नू हसत सांगायची. "सुटले बाई," म्हणायची, "त्या घरात कुणाला नऊच्या पुढचा पाढा येत नव्हता." पण ती बाई बाजारात दिसली की यिन नू रस्ता ओलांडून जायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

नवव्या वर्षी आईनं तिला सगाईंगच्या टेकडीवर भिक्षुणींच्या मठात पाठवलं. डोकं भादरलं, गुलाबी वस्त्र नेसवलं. तिथं एक म्हातारी भिक्षुणी तांदूळ निवडता निवडता पोरींकडून आकड्यांच्या पायऱ्या घोकून घ्यायची. एकावर सात शून्यं म्हणजे कोटी. कोटीवर आणखी सात, पकोटी. असं सात-सात शून्यं चढवत वीस पायऱ्या. कोटिप्पकोटी, नहुत, निन्नहुत, अक्खोभिनी, बिंदू, अब्बुद, निरब्बुद... मधेच अहह, अबब, अटट. होय, अबब हा आकडाच आहे, एकावर सत्त्याहत्तर शून्यांचा. एवढी शून्यं बघून ज्याच्या तोंडून जे निघालं तेच नाव पडलं असावं. मग सोगंधिक, उप्पल, कुमुद, पुंडरीक, पदुम, कथान, महाकथान आणि विसाव्या पायरीवर असंख्येय. नावाचा अर्थ मोजता न येणारं, आणि शून्यं मात्र मोजून एकशे चाळीस. यिन नूला नवव्या वर्षी ही गंमत कळली आणि ती तिथंच अडकली.

तीन वर्षांनी तिच्या बापाचा उजवा हात दगडाखाली सापडला. तो आमच्याच कारखान्यात होता. यिन नूला टेकडीवरून खाली आणलं आणि त्याच्या जागी नाही, पण घोटणाऱ्या बायकांच्या ओळीत बसवलं. आमच्याकडे टाकी पुरुषाच्या हातात आणि घोटाई बाईच्या, हे ठरलेलं आहे. ती म्हणायची, "व्याकरण टेकडीवर राहिलं, सुत्तं टेकडीवर राहिली. आकडा तेवढा माझ्याबरोबर खाली आला."

घोटाईत हात अडकतो, डोकं मोकळं राहतं. ओली वाळू टाकायची आणि गोटा गोल गोल फिरवायचा. एकशे चाळीस फेऱ्या झाल्या की यिन नू पाणी मारायची, मग पुन्हा एकशे चाळीस. त्या फेऱ्यांत तिनं त्या आकड्याची पार साल काढली. "एवढा थोरला," ती म्हणायची, "पण सगळे अंक मिळवून बघ. एक! जन्मभर शून्यं गोळा केली आणि शेवटी गाठीशी एक." नवानं भागा, एक उरतो. अकरानं भागा, तरी एकच. त्याला निःशेष भागणारे आकडे किती, हेही तिनं काढलं होतं, एकोणीस हजार आठशे एक्क्याऐंशी. कसं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दहा म्हणजे दोन गुणिले पाच, म्हणून यात एकशे चाळीस दोन आहेत आणि एकशे चाळीस पाच. दोन किती घ्यायचे ते एकशे एक्केचाळीस तऱ्हांनी ठरतं, काहीच न घेण्याची धरून. पाचाचंही तेवढंच. गुणाकार तुझा तू कर."

पण तिचं खरं लाडकं निराळं होतं.

"सान थे, आज रविवार. असंख्येय दिवसांनी वार कुठला?"

"तेव्हा वार पाळायला माणूस उरेल का, ताई?"

"माणसाचं मी विचारलं नाही. वार सांग."

"तूच सांग. नाहीतरी तुझ्या ओठांवर आलंय."

"मंगळवार! तुझाच. खूश हो."

तिची रीत अशी होती. दहा दिवस म्हणजे एक आठवडा आणि वर तीन. शंभर दिवसांत आठवडे काढले की उरतात दोन. हजारात सहा. दहा हजारांत चार, लाखात पाच, दहा लाखांत एक, आणि कोटीला पुन्हा तीन. म्हणजे तीन, दोन, सहा, चार, पाच, एक असं सहा शून्यांचं चक्र फिरतं. पायरी सात शून्यांची, म्हणून दर पायरीला चक्र एक घर पुढं सरकतं. सहाव्या पायरीला उरतो एक, बाराव्याला एक, अठराव्याला एक. एकोणिसाव्याला तीन. विसाव्याला दोन. रविवारनंतर दोन दिवस, मंगळवार. बोटांवर होणारी गोष्ट, पण हे तिनं एकटीनं, वाळूत हात घालून शोधलं होतं, आणि ते ऐकून घ्यायला अख्ख्या गल्लीत मीच काय तो रिकामटेकडा होतो.

मग सगाईंगकडच्या एका मठाचे सयाडो, म्हणजे मुख्य भिक्षू, आले. त्यांना अंगणात एक शिळा हवी होती. वर एकाचा आकडा, खाली वीस ओळी, प्रत्येक ओळीच्या डोक्याशी त्या पायरीचं नाव आणि पुढे सात शून्यं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ती एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढंच त्यांचं म्हणणं. हे ऐकल्यावर यिन नूच्यानं राहवतंय होय! वाळूचे हात पुसत ती पुढे आली, खाली बसून नमस्कार केला आणि वाराचं सगळं सांगून टाकलं. सया फो थिननी डोळे वटारले. घोटणारी बाई सयाडोंपुढे आकडे बोलते म्हणजे काय! सयाडो ऐकून घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला आणि बरोबर केळ्यांचा फणा. "मीही करून पाहिलं. मंगळवारच येतो. शिळेच्या तळाशी तेवढी ओळ घाला."

ती ओळ अशी: आज रविवार असेल, तर असंख्येय दिवसांनी मंगळवार असेल.

अडतीस वर्षं तिनं दुसऱ्यांचे शब्द घोटले होते. आता दगडावर तिचं एक वाक्य येणार होतं. त्या दिवशी तिनं सगळ्या कारखान्याला केळी वाटली आणि स्वतःसाठी एकही ठेवलं नाही.

सयांसाठीही ही शिळा साधी नव्हती. त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, डोळ्यांत पडदा आला होता, बोटांनी चाचपून कोरायचे. "ही शेवटची," त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "ही झाली की टाक्या गुंडाळायच्या." त्यांची एक रीत होती. काम मनासारखं झालं की शिळेच्या उजव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा उंदीर कोरायचे, त्यांच्या गुरुवारचा. नाव कधी घातलं नाही. ज्यांना कळतं त्यांना उंदरावरून कळायचं की शिळा कुणाची आणि ती निर्दोष आहे.

मी ओळी मारल्या, नावं आखली, तळाची ओळ आखली. शून्यं आखायला लागलो तर सया खेकसले, "गोल आखून द्यायला मी काय काल टाकी धरली? तू ओळ दे. शून्य माझं मी घालतो." मी गुमान बाजूला झालो. पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे तो इथं. मी हट्टानं आखायला हवं होतं.

नऊ दिवस सया कोरत होते. त्यांचं मोजणं सगळ्या गल्लीला पाठ. त्यांचे वडील पगोड्यांवरच्या कोपऱ्यांची कामं करायचे, त्यांनी पोराला वार म्हणत मोजायला शिकवलं होतं. पाकळ्या कोरताना, नक्षीचे दाणे पाडताना, सयांच्या ओठांवर वार चालायचे. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी टाकी ठेवली आणि म्हणाले, "घोट गं. घोटून झालं की उंदीर काढतो. पौर्णिमेला सयाडो यायचे आहेत, पाच दिवस हातात आहेत."

यिन नूनं शिळा धुतली, वाळू टाकली आणि पहिल्या ओळीवर हात फिरवला. हात थांबला. तिनं दुसरी ओळ चाचपली, तिसरी चाचपली, मग मला हाक मारली.

"सान थे, इकडं ये. बोट दे तुझं."

तिनं माझं बोट धरून एकेका गोलावरून नेलं. आठ. खालच्या ओळीत आठ. वीसच्या वीस ओळींत आठ-आठ, एकसारखी, देखणी. असं शून्य मंडालेत दुसरं कुणी कोरत नाही.

"ताई," मी हळूच म्हणालो, "गप बसू. कोण मोजतंय एवढी शून्यं?"

"मी मोजतेय."

"अगं पण जग..."

"जगाचं सोड. एकशे साठ झालीत ही. दर ओळीला चक्र दोन घरं सरकतं आता. दोन, चार, एक. दोन, चार, एक. विसाव्या ओळीला चार. रविवारनंतर चार दिवस म्हणजे गुरुवार. वर गुरुवार आणि खाली माझ्या वाक्यात मंगळवार! दगड स्वतःच स्वतःला खोटा म्हणतोय, सान थे. आणि लोक म्हणतील की खालची ओळ चुकली, घोटणाऱ्या बाईची होती ना, चुकणारच."

ती सरळ सयांपुढे जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

"सया, एका ओळीत शून्यं किती?"

"सात. हे तू मला शिकवणार?"

"मोजून दाखवता?"

सया उठले, शिळेशी उकिडवे बसले, पहिल्या गोलावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात मोजायला लागले. "रविवार. सोमवार. मंगळवार. बुधवार. राहू. गुरुवार. शुक्रवार. शनिवार." बोट शेवटच्या गोलावर येऊन थांबलं. "झाला आठवडा पुरा. आठवड्यात वार किती?"

"सात," मी म्हणालो.

"मग?"

म्हातारा विजयानं आमच्याकडं बघत होता. आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की बरोबरच आहे. लहानपणापासून आम्ही सगळे असंच म्हणत आलो. बुधवार म्हटलं की जीभ आपोआप राहू म्हणते, आणि तरी वार सातच.

"आणि राहू, सया?" यिन नू म्हणाली.

सयांचं बोट मागं फिरलं. एकेक गोल पुन्हा चाचपला, या वेळी मुक्यानं. चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला. मी त्यांना बत्तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"राहूवालीच ना तू," ते म्हणाले. "गिळायलाच जन्मलीस. आधी बापाचा हात गिळलास, आता माझा दगड."

कारखान्यातल्या सगळ्या टाक्या थांबल्या. सयांनी भिंतीला टेकलेला घण उचलला, शिळेच्या टाळक्यात घालायला. मी आणि आणखी दोघांनी तो धरला. त्यांनी तो टाकून दिला, चपला घातल्या आणि घरी गेले. यिन नूला ते बोलणं लागलं होतं, अगदी आत लागलं होतं. तिनं शांतपणे वाळूचे हात धुतले, शिळेवर ओलं फडकं टाकलं आणि तीही गेली.

दोन दिवस दोघंही आली नाहीत. मी फडक्यावर पाणी मारत बसलो. नवा दगड आणून नव्यानं कोरायला वेळ नव्हता. उजवीकडची एक रांग करवतीनं कापावी म्हटलं, तर शिळा लंगडी दिसली असती, आणि सयांनी ती कुणाला कापू दिली नसती. आणि ही शिळा गेली असती, तर सयांचं शेवटचं काम म्हणून लोकांच्या लक्षात फुटका दगड राहिला असता. तिचं वाक्यही त्याच्याबरोबर गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी यिन नू माझ्या दारात. गालांना थनाखाच्या सालीचा लेप लावलेला, हातात लपेचा, म्हणजे मुरवलेली चहाची पानं नि शेंगदाण्यांचा, डबा. "चल. सयांकडं."

"ताई, ते तुला काय बोलले ते..."

"ऐकलंय मी. माझ्याच कानांत बोलले. चल म्हणते ना."

सया ओसरीवर जपमाळ घेऊन बसले होते. आम्हाला बघून मान फिरवली. "माफी मागायला आलीस का मागून घ्यायला?"

"दोन्ही नाही. एक भागाकार सांगायला आलेय." तिनं डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला. "असंख्येयला सातानं भागलं की दोन उरतात. आठानं भागलं तर?"

सयांची माळ थांबली.

"काही उरत नाही, सया. हजाराला आठ पुरे जातात आणि याच्या शेपटाला तर हजारांचे हजार लटकलेत. आठवडा खरोखर आठाचा असता ना, तर आज राहू असेल तर असंख्येय दिवसांनी राहूच."

म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. "म्हणजे मी अगदीच चुकलो नाही."

"चुकलात! एकावर वीस शून्यं, इतक्या पटीनं चुकलात. एवढी मोठी चूक ब्रह्मदेशात आजवर कुणाच्या बापानं केली नसेल."

सया हसले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. डोळे पुसत ते म्हणाले, "साठ वर्षं मोजतोय गं मी असं. कमळाला पाकळ्या आठ, कोपरे आठ. कधी चुकलं नाही."

"कारण कधी सात कोरायची वेळ आली नाही."

"आता काय करू? भरून तर काढता येत नाही. दगड आहे तो."

"ज्यादा शून्य कुठलं, सांगा बरं. शेवटचं?"

सयांनी बोटं उघडली, ओठ हलवले. "पाचवं," ते म्हणाले. "राहूचं."

"त्याचं कमळ करा. गोल आहेच, आत आठ पाकळ्या पाडा. कमळाला कुणी आकड्यात धरत नाही. अलीकडं चार शून्यं, पलीकडं तीन. वीस ओळी, वीस कमळं, वरपासून खालपर्यंत एक वेल."

"राहूला काढून नाही टाकायचा?"

यिन नूनं डबा त्यांच्याकडं आणखी सरकवला. मग म्हणाली, "पन्नास वर्षं मी तेच आहे, सया. पाचवी. वारांत धरायचं नाही आणि कोपरा तर द्यावाच लागतो. काढून कसं टाकणार? सात कोपऱ्यांचा पगोडा बांधून बघा कसा दिसतो ते."

सयांनी माळ मनगटाला गुंडाळली. "मी बोललो ते..."

"लपे खा आधी. मऊ झाले तर शेंगदाण्यांची मजा जाते."

"दिसत नाही मला, पोरी. गोलाच्या आत पाकळ्या म्हणजे बारीक काम."

"बोट मी ठेवते. घाव तुम्ही घाला."

आणि तसंच झालं. दोन दिवस ती शिळेच्या एका बाजूला, सया दुसऱ्या बाजूला. ती त्यांचं डावं बोट धरून पाचव्या गोलात ठेवायची आणि म्हणायची, "राहू." सया टाकी लावायचे. पहिल्या कमळाला त्यांना अर्धी सकाळ लागली. दहाव्यापर्यंत हात मोकळा झाला. विसावं कमळ झालं तेव्हा गल्लीतल्या तीन कारखान्यांतली माणसं कामं टाकून बघायला आली होती, आणि मला विचारत होती, "ही वेलीची कल्पना कुणाची रे?" मी म्हटलं, "सयांना विचारा." मला सांगता आलं असतं, पण ते सयांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

यिन नूनं घोटायला घेतलं आणि पौर्णिमेच्या सकाळी दगड दुधासारखा झाला. फक्त उजव्या कोपऱ्यावर सयांनी आदल्या संध्याकाळपासून ओलं फडकं टाकून ठेवलं होतं आणि कुणाला हात लावू देत नव्हते.

सयाडो आले. शिळेपुढं उभे राहिले. पहिल्या ओळीवर बोट धरून पुटपुटले, "चार, कमळ, तीन." दुसऱ्या ओळीवर पुन्हा तेच. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडा हसल्या. "बुधवारपर्यंत चार. गुरुवारपासून तीन. वार कुठला पडतो, यिन नू?"

"मंगळवार, महाराज. एकशे चाळीसच आहेत."

"पाचवी जागा फुलाला द्यायचं कुणी सुचवलं?"

सगळे सयांकडे बघायला लागले. आमच्या गल्लीत सयांनी कधी चूक कबूल केलेली कुणी ऐकली नव्हती, आणि त्या क्षणी त्यांनी "मीच" म्हटलं असतं तरी यिन नू एक शब्द बोलली नसती. मला तिची खात्री होती, सयांची नव्हती.

"शून्यं माझी चुकली," सया म्हणाले, मोठ्यानं, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. "वीसच्या वीस. वाचवली हिनं. कमळं हिची."

सयाडोंनी मान डोलावली आणि ते पाटावर जाऊन बसले. माणसं चहापाण्याला पांगली. मग सयांनी यिन नूला हाक मारली. "कोपरा घोटायचा राहिलाय. पाव्हणे शिळा उचलायच्या आत आटप."

ती वाळूची वाटी घेऊन बसली. फडकं काढलं आणि सवयीप्रमाणे न बघताच आधी बोटं फिरवली, तिच्या ओळखीच्या उंदरावरून. शेपटीच्या जागी शेपटी नव्हती. बोट पाठीवरून चढलं, मोठी गोल पाठ. खाली सोंड लागली. सोंडेच्या दोन्ही बाजूंना तिनं पुन्हा पुन्हा चाचपलं.

"सया," ती म्हणाली. "हत्तीचे सुळे राहिले."

"राहिले नाहीत," सया म्हणाले. "घोट."

तिनं वाळू टाकली आणि मान खाली घालून घोटायला लागली. डोळ्यांतलं पाणी वाळूत पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती. माझी सवय अशी की तिचा गोटा फिरायला लागला की मीही मनात फेऱ्या मोजतो. एकशे चाळीस झाल्या, तिनं पाणी मारलं नाही. दीडशे झाल्या, दोनशे झाल्या. तिचा हात गोल फिरतच होता, आणि त्या दिवशी ती मोजत नव्हती.